जहाजाचा 'टन' : एका गोंधळलेल्या मापाची पार्श्वभूमी

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस वाहतूक थांबली. त्या दिवसांतल्या बातम्या शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर जहाज कुठे २ लाख टनांचं दिसतं, कुठे २ लाख २० हजार टनांचं. दोन्ही आकडे बरोबर होते. पहिला होता डेडवेट, म्हणजे माल, इंधन, पाणी, माणसं असं सगळं मिळून जहाज जास्तीत जास्त किती ओझं उचलू शकतं ते. दुसरा होता ग्रॉस टनेज, म्हणजे जहाजातल्या बंदिस्त जागेच्या घनफळावरून काढलेला आकडा. त्याचा वजनाशी संबंध नाही.

जानेवारी २०२४ मध्ये 'आयकॉन ऑफ द सीज' हे प्रवासी जहाज पहिल्या सफरीवर निघालं तेव्हा ते 'टायटॅनिक'पेक्षा पाचपट जड असल्याचं वारंवार छापून आलं. ही तुलना २,४८,६६३ आणि ४६,३२८ या आकड्यांची होती आणि दोन्ही आकडे जागेचे आहेत. 'टायटॅनिक'चं पाण्यात भरणारं वजन ५२ हजार टनांच्या घरात होतं. 'पाचपट मोठं' म्हणायला हरकत नाही, 'पाचपट जड' हे मात्र या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

या गोंधळाचा दोष वार्ताहरांना देऊन भागत नाही. तो शब्दाच्या जन्मापासूनचा आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये दारूच्या मोठ्या पिपाला 'टन' म्हणत, आणि जहाजात अशी किती पिपं मावतात यावर कर ठरे. भरलेलं पीप साधारण २,२४० पौंडांचं, म्हणून पुढे तेच वजनाचं एकक झालं. जागा, वजन आणि कर या तीन गोष्टी तेव्हापासून एकाच शब्दात अडकल्या आहेत, आणि त्यांतल्या कराने जहाजांना जेवढा आकार दिला तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाने दिला असेल.

१७७३ च्या ब्रिटिश कायद्यातलं सूत्र याचा पहिला मोठा दाखला. त्यात लांबी आणि रुंदी मोजायची, पण खोली मोजायचीच नाही. ती रुंदीच्या निम्मी आहे असं धरून चालायचं. रुंदीवर कर आणि खोली फुकट, म्हटल्यावर जहाजं अरुंद आणि खोल बांधली जाऊ लागली. अशी जहाजं डोलायची जास्त आणि शिडांखाली चालायची वाईट, पण कागदावर लहान दिसायची.

१८५४ मध्ये ही पद्धत बदलली. जहाजाचा आतला भाग ठिकठिकाणी मोजून खरं घनफळ काढायचं आणि दर १०० घनफुटांना एक 'रजिस्टर टन' धरायचा. शंभरच का, याचं उत्तर मजेशीर आहे. तेव्हाच्या ब्रिटिश व्यापारी जहाजांच्या एकूण घनफळाला त्यांच्या नोंदलेल्या एकूण टनांनी भागलं तर ९८ च्या आसपास उत्तर येत होतं. त्याचे शंभर केले, म्हणजे एकूण करवसुलीत फारसा फरक पडणार नव्हता. आजही जुन्या जहाजांपुढे 'जीआरटी', म्हणजे ग्रॉस रजिस्टर टनेज, लिहिलेलं दिसतं ते हेच. त्यातून इंजिनाची आणि खलाशांची जागा वजा केली की 'नेट', म्हणजे कमाईची जागा.

सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडला तेव्हा दर टनामागे १० फ्रँक शुल्क ठरलं होतं. टन कुठला, हे मात्र स्पष्ट नव्हतं. १८७२ मध्ये कालवा चालवणाऱ्यांनी नेट सोडून ग्रॉसच्या धर्तीवर आकारणी सुरू केली, जहाजमालक खवळले, आणि १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय आयोग बसवावा लागला. तिथे ठरलेल्या नियमांच्या पायावर कालवा आजही स्वतःचं वेगळं टनेज मोजतो. त्या मोजणीसाठी खास आकाराची जहाजंही निघाली. १८९० च्या दशकापासून बांधली गेलेली 'टरेट' जहाजं पोटाशी फुगलेली आणि वर अरुंद डेकची होती, त्यामुळे कालव्याचं शुल्क कमी बसे. १९११ मध्ये नियम बदलला आणि हा प्रकार बांधणं बंद झालं.

पण सर्वांत वाईट परिणाम मोजणीतल्या सवलतींचा झाला. १८५४ च्या पद्धतीत जी जागा 'बंदिस्त' नाही ती मोजायची नव्हती. वरच्या डेकखालचा एक अख्खा मजला मोजणीतून सोडवायचा असेल तर डेकमध्ये एक भोक ठेवायचं. याला 'टनेज ओपनिंग' म्हणत. त्यावर पाणी रोखणारं कायमचं झाकण बसवायचं नाही, बसवलं तर जागा बंदिस्त ठरेल आणि टनेज वाढेल. म्हणून सुट्या फळ्या टाकून वर ताडपत्री बांधायची. समुद्रात जाणाऱ्या जहाजाच्या डेकला मुद्दाम कच्चं भोक ठेवणं हे कुठल्याही बांधणाऱ्याच्या मनाला पटणारं नाही, तरी हजारो मालवाहू जहाजं अशीच बांधली गेली आणि माल तर त्या मजल्यावर भरला जातच होता.

एकाच जहाजाचे किती 'टन' असतात हे पाहायचं तर दुसऱ्या महायुद्धातली 'लिबर्टी' जहाजं घ्यावीत. ग्रॉस सुमारे ७,२००, डेडवेट सुमारे १०,८०० आणि पूर्ण भरल्यावरचं विस्थापन, म्हणजे जहाज मालासकट जेवढं पाणी बाजूला सारतं त्याचं वजन, सुमारे १४,२००. १९४१ ते १९४५ मध्ये अमेरिकेत अशी २,७१० जहाजं बांधली गेली. रिव्हेटऐवजी वेल्डिंग, आणि जागेवर एकेक पत्रा ठोकण्याऐवजी कारखान्यात तयार केलेले मोठे तुकडे आणून जोडणं, यामुळे त्यांतलं 'रॉबर्ट ई. पिअरी' ४ दिवस आणि साडेपंधरा तासांत पाण्यात उतरलं. थंड समुद्रात काहींची पोलादी अंगं तडकली, दोन तुकडेही झाले. रिव्हेटच्या जहाजात तडा पत्र्याच्या कडेपाशी थांबतो, वेल्डिंगच्या जहाजात त्याला थांबायला जागा नसते. थंडीत पोलाद ठिसूळ होतं हा धडा त्यातून मिळाला. आज प्रत्येक मोठं जहाज ब्लॉक पद्धतीने बांधलं जातं त्याचं मूळ इथे आहे.

युद्धानंतर टनेजचा प्रश्न पुन्हा वर आला. प्रत्येक देशाची मोजणी थोडी वेगळी, प्रत्येकाच्या सवलती वेगळ्या. त्यात सुरक्षेचे आणि कर्मचारीसंख्येचे नियम टनेजला बांधलेले, त्यामुळे ४९९ किंवा १,५९९ टनांची जहाजं निघत. म्हणजे ५०० आणि १,६०० च्या मर्यादेखाली एका टनाने अडवलेली. १९६३ मध्ये एक मधला मार्ग काढला गेला: भोक कायमचं बुजवा, बाजूला एक खूण रंगवा, ती पाण्याखाली जात नाही तोवर तो मजला मोजणीबाहेर. सहा वर्षांनी, १९६९ मध्ये, लंडनला भरलेल्या परिषदेने सगळं मुळापासून बदलायचं ठरवलं.

त्या निर्णयावर आजही मतभेद आहेत. ठरलं ते असं: बंदिस्त जागा म्हणजे सगळी बंदिस्त जागा, जवळजवळ कुठलीही सूट नाही. तिचं घनफळ घनमीटरमध्ये काढायचं आणि ०.२ अधिक घनफळाच्या लॉगॅरिदमच्या ०.०२ पट, या गुणकाने गुणायचं. १०,००० घनमीटरच्या जहाजाला २,८०० मिळतात, १० लाख घनमीटरच्या जहाजाला ३,२०,०००. लॉगॅरिदम आला तो नवे आकडे जुन्यांच्या जवळपास राहावेत म्हणून. उत्तराला एकक नाही. काटेकोरपणे बोलायचं तर 'अमुक इतके ग्रॉस टन' असं म्हणताच येत नाही, नुसतं 'ग्रॉस टनेज इतकं' म्हणायचं. निदान २५ देश आणि जगाच्या टनेजपैकी ६५ टक्के एवढी संमती जुळायला १९८० उजाडलं, अंमल १८ जुलै १९८२ ला आला, आणि जुन्या जहाजांना आणखी १२ वर्षं मिळाली.

भोकं गेली हे या निर्णयाचं निर्विवाद श्रेय. एवढ्यासाठीच तो करण्यासारखा होता असं म्हणणारे आहेत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण ज्यांनी तो घेतला त्यांच्या डोळ्यांसमोर पोटात माल भरणारं जहाज होतं, आणि काळ वेगळ्याच जहाजांकडे चालला होता.

तेलवाहू जहाजांचंच घ्या. सुएझ कालवा १९६७ ते १९७५ बंद राहिला, तेलाला आफ्रिकेला वळसा घालावा लागला, आणि लांबच्या वाटेला मोठं जहाज स्वस्त पडतं. १९७६ पासून आलेल्या 'बातिलुस' वर्गाच्या चार जहाजांची भारक्षमता प्रत्येकी साडेपाच लाख टनांच्या वर होती, पण १९७३ च्या तेलसंकटाने मागणी पडलेली असल्याने चारांपैकी तीन दहा वर्षांतच भंगारात गेली. जपानमध्ये बांधलेलं आणि नंतर मधे कापून, नवा भाग जोडून वाढवलेलं 'सीवाइज जायंट' ४५८ मीटर लांब आणि ५,६४,७६३ डेडवेटचं. १९८८ मध्ये इराण-इराक युद्धात त्यावर बाँब पडले, दुरुस्तीनंतर ते नव्या नावांनी पुन्हा चाललं आणि २०१० मध्ये अलंगला तोडलं गेलं. डेडवेटमध्ये त्याला मागे टाकणारं जहाज झालेलं नाही. ग्रॉसमध्ये मात्र ते 'बातिलुस' वर्गाच्याही मागे होतं. आज ग्रॉसमध्ये पहिलं आहे ते समुद्रातले तेल-फलाट उचलणारं 'पायोनियरिंग स्पिरिट', ४,०३,३४२. लांबीत ४८८ मीटरचं 'प्रील्यूड' पुढे आहे, पण ते स्वतःच्या जोरावर प्रवास करत नाही, ओढून नेऊन वायूक्षेत्रावर नांगरलेलं आहे. त्यामुळे त्याला जहाज म्हणायचं का, इथूनच वाद.

तेलवाहूंची अडचण वेगळी होती. तेलाच्या टाक्यांतच समुद्राचं पाणी भरून ते पुन्हा समुद्रात सोडण्याने प्रदूषण होई, म्हणून फक्त पाण्यासाठी वेगळ्या टाक्या सक्तीच्या झाल्या. १९८९ मध्ये 'एक्सॉन व्हाल्डेझ' या तेलवाहू जहाजाला झालेल्या अपघातानंतर दुहेरी तळ आणि दुहेरी बाजू आल्या. दोन्हींनी बंदिस्त जागा वाढली, म्हणजे टनेज वाढलं, म्हणजे बंदरशुल्क वाढलं. समुद्र स्वच्छ ठेवणाऱ्या जहाजाने जास्त पैसे मोजायचे! १९९३ मध्ये ही जागा शुल्कातून वजा करावी अशी शिफारस झाली, पण शिफारस ती शिफारस.

खलाशांच्या केबिनही ग्रॉसमध्ये मोजल्या जातात. मोठी केबिन, व्यायामाची खोली, प्रशिक्षणार्थींसाठी दोन जादा जागा, यांतलं काहीही वाढवलं की आकडा वर सरकतो. कराच्या मापाने माणसाच्या राहण्याच्या जागेवर दबाव आणावा हे मला सर्वांत खटकतं.

कंटेनर जहाजांत तर उलटा खेळ झाला. डेकवर उघड्यावर रचलेले कंटेनर बंदिस्त जागेत येत नाहीत. पोट उथळ ठेवा, डेकवर थर चढवा, टनेज तेवढंच. मोठ्या जहाजांवर निम्म्याहून जास्त कंटेनर डेकवरच असतात. नोव्हेंबर २०२० मध्ये 'वन एपस'वरून १,८१६ कंटेनर प्रशांत महासागरात पडले. अशा घटनांत वादळ, डोलणं, बांधणी अशी बरीच कारणं एकत्र येतात आणि एकट्या टनेजवर बोट ठेवता येणार नाही. पण उंच थरांना सूट आणि खोल पोटाला भार, ही रचना त्या दिशेला ढकलतेच.

याला उत्तर म्हणून १९९० च्या सुमारास झाकणं नसलेली, उघड्या पोटाची कंटेनर जहाजं निघाली. त्यांत उभ्या खाचा वरपर्यंत नेलेल्या असतात, कंटेनर त्यांत बसतात आणि दोरखंड-सळ्यांनी बांधायची गरज उरत नाही. झाकणाऐवजी बाजू उंच कराव्या लागतात, पाणी उपसायला मोठे पंप लागतात, आणि उंच बाजूंमुळे टनेज भरमसाट येतं. त्यांच्यासाठीही कमी केलेला आकडा ठरवला गेला. तो प्रमाणपत्राच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिला जातो. शुल्काचं बिल करताना त्या रकान्याकडे बघायचं की नाही, हे प्रत्येक बंदर आपलं आपण ठरवतं.