वायरलेस सेन्सर नेटवर्कमधलं चावीवाटप

सेन्सर नेटवर्कमधल्या छोट्या नोड्सना, म्हणजे मोजमाप करून वायरलेसनं माहिती पाठवणाऱ्या उपकरणांना, आपसात गुप्तपणे बोलता यावं म्हणून एन्क्रिप्शनच्या चाव्या द्याव्या लागतात, त्यालाच चावीवाटप म्हणतात. खरी गोम अशी की नोड उघड्यावर असतो. समजा काटोलकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये मातीतला ओलावा मोजायला हजार नोड लावले अन् रात्री कोणी एक उपटून नेऊन त्याची मेमरी वाचली, तर बाकीच्यांचं काय? आधी हे विचारायचं, पद्धत मग निवडायची.

सगळ्यांना एकच चावी दिली तर एक नोड गेला की सगळं गेलं. प्रत्येक जोडीला वेगळी म्हटलं तर 4,99,500 चाव्या होतात, एकेका नोडवर 999, म्हणजे 16 बाइटची एक धरली तर जवळपास 16 केबी, आणि मायका2 सारख्या नोडची रॅमच 4 केबी. फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या साठवणीत, बसतीलही म्हणा, पण नवीन नोड घालायचा तर जुन्या सगळ्यांना हात लावा.

2002 मध्ये एशेनॉअर आणि ग्लिगॉर या संशोधकांनी मधला रस्ता काढला: मोठ्या साठ्यातून प्रत्येकाला रँडम थोड्या चाव्या. साठा 10,000 चा अन् नोडकडे 100 असल्या तर दोघांत एखादी तरी सारखी निघायची शक्यता सुमारे 63 टक्के, ज्यांचं जुळत नाही ते मधल्या शेजाऱ्यामार्फत चावी ठरवतात. पण चोरलेल्या नोडमधल्या त्या 100 चाव्या इतर जोड्याही वापरत असू शकतात.

मला 2003 चा लीप प्रोटोकॉल जास्त पटतो. नोड चालू झाला की सगळ्यांना सुरुवातीला दिलेल्या एका चावीवरून शेजाऱ्यांसोबतच्या चाव्या बनवतो अन् ती मूळ चावी पुसून टाकतो, मग तो चोरला तरी त्याच्यापुरत्याच लिंक जातात. गोची एवढीच की नंतर लावायच्या नोड्समध्ये ती चावी शाबूतच असते, म्हणजे राखण बागेपेक्षा गोदामातल्या खोक्याची करा!

चोरलेला नोड नेटवर्कमधून काढायचा तर बेस स्टेशनचा (नेटवर्क सांभाळणाऱ्या मुख्य केंद्राचा) निरोप खरा आहे हे सगळ्यांना कळायला हवं, नाहीतर चोरच उद्या चांगल्या नोड्सना बाद करेल. त्यासाठी 2001 च्या स्पिन्स या सुरक्षा प्रोटोकॉल-संचात मायक्रोटेस्ला नावाची पद्धत आहे: निरोप आधी पाठवायचा, तो तपासायची चावी नंतर जाहीर करायची, म्हणजे निरोप येतो तेव्हा ती चावी चोराकडे नसते. यात नोड्सची घड्याळं साधारण जुळलेली लागतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना उन्हातल्या डब्यातलं घड्याळाचं क्रिस्टल सरकतंच, म्हणून उन्हाळ्यात सिंक, म्हणजे घड्याळं जुळवणं, जरा जास्त वेळा करावं लागतं.