कृष्णविवर आणि न्यूट्रॉन ताऱ्याची टक्कर
एकमेकांभोवती फिरणारं कृष्णविवर (ज्याच्या ओढीतून उजेडही सुटत नाही अशी वस्तू) अन न्यूट्रॉन तारा शेवटी एक होऊन जातात, त्याला ही टक्कर म्हणतात. टक्कर म्हटलं की जाळ अन धमाका डोळ्यासमोर येतो, पण कृष्णविवर चांगलं वजनदार असलं तर ते ताऱ्याला सरळ अख्खं गिळतं, बाहेर काहीच उरत नाही.

न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठा तारा फुटल्यावर मागं राहिलेला गाभा, रुंदी जेमतेम 20-25 किमी पण वजन आपल्या सूर्यापेक्षा जास्त. सूर्याच्या 9 पट वजनाच्या कृष्णविवराची रुंदी 50 किमीच्या थोडी वर भरते, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवले तर अकोला-अमरावतीच्या मधात मावतात, अन अशा दोन वस्तू शेवटी सेकंदाला कितीतरी फेऱ्या मारतात, विचार करा! फिरता फिरता त्यांची ऊर्जा गुरुत्वीय लहरींमधून, म्हणजे अवकाशालाच ताणत-आवळत जाणाऱ्या तरंगांमधून, निघून जाते, घेर आवळत जातो, कोट्यवधी वर्षं हेच चालू राहतं अन मग शेवट क्षणात.

कृष्णविवर हलकं असलं, वरून जोरात गरगरत असलं, तर मात्र तारा गिळायच्या आधीच फाटतो अन मग उजेड दिसायचा चान्स असतो.

5 जानेवारी अन 15 जानेवारी 2020 ला अशा दोन टकरींच्या लहरी लायगो (अमेरिकेतल्या) अन व्हर्गो (इटलीतली) या लहरी पकडणाऱ्या वेधशाळांना सापडल्या, जून 2021 मधी जाहीर झालं. पहिलीत कृष्णविवर सूर्याच्या 9 पट, दुसरीत 6 पटीच्या आसपास, अंतर दोघांचंही 90-100 कोटी प्रकाशवर्षं. उजेड कुठंच दिसला नाही. दिसणार तरी कसा, पहिल्या वेळी अमेरिकेतली एक लायगो बंद होती, त्यामुळं लहर कुठून आली याचा अंदाज आकाशाच्या सहाव्या हिश्श्याएवढा पसरला, दुर्बीण फिरवायची तरी कोणीकडं?

म्हणूनच दूरदूरच्या देशात आणखी लायगो पाहिजेत, अन त्यातली एक हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे. जागा मराठवाड्यातली, पण वाशिम-पुसदवाल्यांना शेजारचीच. 2023 मधी केंद्रानं 2600 कोटी मंजूर केले. काटकोनात 4-4 किमीच्या दोन नळ्या, अन लहर आली की त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनपेक्षाही लय बारीक, म्हणून रेल्वे, खदानी अन जड ट्रकांचा हादरा पोचणार नाही अशीच जागा लागते.