पोर्शला उत्तर म्हणून घडलेली प्रिन्स आर३८०

निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आर या वेगवान मोटारीचे चाहते जगभर आहेत, पण तिच्या इंजिनाचा वंश जिथून सुरू होतो त्या गाडीचं नाव फारसं कुणी घेत नाही. ती गाडी म्हणजे प्रिन्स आर३८०. केवळ शर्यतीसाठी, इंजिन चालकाच्या पाठीमागे ठेवून बांधलेली ही जपानमधली अगदी सुरुवातीची गाडी. ती समजून घ्यायची तर आधी तिला बांधणारी माणसं पाहावी लागतात.

प्रिन्स ही मुळात विमानवाल्यांची कंपनी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये विमानं बनवण्यावर बंदी आली आणि नाकाजिमा व ताचिकावा या विमान कंपन्यांतले अभियंते मोटारींकडे वळले. त्या युद्धातल्या जपानच्या झीरो लढाऊ विमानात बसणारं साकाए इंजिन नाकाजिमाचं, आणि त्या इंजिनांवर काम केलेले र्‍योइची नाकागावा पुढे प्रिन्सचे वरिष्ठ तंत्रज्ञ झाले. त्यामुळे कंपनी लहान असली तरी इंजिनाच्या बाबतीत कुणाला हार जाणारी नव्हती.

१९६३ मध्ये सुझुकाच्या शर्यत मार्गावर पहिली जपान ग्रां प्री ही मोटारशर्यत झाली. पुरेशा तयारीविना उतरलेल्या प्रिन्सच्या गाड्या तिथे सपशेल मागे पडल्या. हा लागलेला डाग धुऊन काढायचा, असं कंपनीने मनावर घेतलं. प्रिन्सचे अभियंते शिनइचिरो साकुराई यांच्या चमूने कंपनीच्या साध्या स्कायलाइन मोटारीचं नाक २० सेंटीमीटरने वाढवलं आणि तिथे कंपनीच्याच मोठ्या ग्लोरिया मोटारीचं सहा सिलिंडरांचं दोन लिटर इंजिन बसवलं. ठरावीक संख्येने बांधलेली गाडीच शर्यतीत चालेल, या नियमासाठी अशा १०० गाड्या बांधल्या. १९६४ च्या मे महिन्यात त्या सुझुकाला उतरल्या, तर समोर एका खासगी स्पर्धकाने आणलेली जर्मन पोर्श ९०४! सरावात ठोकर खाऊन घाईघाईने दुरुस्त झालेली असूनही ती वेगळ्याच जातीची गाडी होती. तरी सातव्या फेरीत प्रिन्सचा चालक तेत्सु इकुझावा याने तिला मागे टाकलं आणि प्रेक्षकांसमोरून एक चौकोनी, चार दारांची जपानी गाडी पोर्शच्या पुढे गेली. ही आघाडी जेमतेम एक फेरी टिकली. पोर्श जिंकली, स्कायलाइन दुसऱ्या ते सहाव्या क्रमांकावर आल्या. लोकांना मात्र ती एक फेरीच लक्षात राहिली.

साकुराईंना त्या एका फेरीवर समाधान मानायचं नव्हतं. घरगुती गाडी ताणून पोर्शला हरवता येणार नाही, हे त्यांना पुरतं कळलं होतं. प्रिन्सने इंग्लंडहून ब्रॅबहॅम या शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीची एक गाडी मागवून तिच्या सांगाड्याचा अभ्यास केला. इंजिन मात्र संपूर्ण स्वतःचं : जीआर८, सहा सिलिंडर, १९९६ सीसी, दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे), २४ व्हॉल्व्ह म्हणजे झडपा आणि सुमारे २०० अश्वशक्ती. अंगावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. १९६५ मध्ये ही गाडी, म्हणजे आर३८०, तयार झाली आणि नेमकी त्याच वर्षीची ग्रां प्री रद्द झाली. मग ती याताबेच्या चाचणी मार्गावर वेगाचे विक्रम करायला नेण्यात आली.

खरी परीक्षा ३ मे १९६६ ला, नव्या फुजी स्पीडवेवर झाली. पोर्शही आता नवी, ९०६. चालवायला शिनतारो ताकी. शर्यत ६० फेऱ्यांची, म्हणजे मध्ये पेट्रोल भरणं आलंच. प्रिन्सने उंचावर टाकी ठेवून पेट्रोल आपल्या भाराने गाडीत उतरेल अशी सोय केली होती. त्यांचा थांबा काही सेकंदांत उरकला, ताकीला बराच जास्त वेळ लागला. ट्रॅकवर इकुझावाने ताकीची वाट अडवून धरली होती आणि तेवढ्यात प्रिन्सचाच दुसरा चालक योशिकाझु सुनाको पुढे निसटला होता. पडलेलं अंतर भरून काढण्याच्या धडपडीत ताकीची गाडी अपघातात बाद झाली. सुनाको पहिला, दुसरीही आर३८०च. माझ्या मते या विजयात गाडीइतकाच वाटा त्या पेट्रोलच्या टाकीचा आणि आखणीचा आहे, आणि त्याने विजयाचं मोल तसूभरही कमी होत नाही.

तीनच महिन्यांत, ऑगस्ट १९६६ मध्ये, प्रिन्स निस्सानमध्ये विलीन झाली आणि गाडीवर निस्सानचं नाव लागलं. १९६७ ला सुधारित आर३८० पुन्हा फुजीला उतरली आणि हरली. हरवलं कुणी? पोर्श ९०६ मध्ये बसलेल्या इकुझावानेच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याताबेला या गाडीने ताशी सुमारे २५० किलोमीटरच्या वेगाने सात आंतरराष्ट्रीय विक्रम नोंदवले.

पुढच्या दोन ग्रां प्री निस्सानने जिंकल्या खऱ्या, पण मोठ्या इंजिनांच्या आर३८१ आणि आर३८२ घेऊन. त्यातही आर३८१ चं व्ही८ (आठ सिलिंडरांचं) इंजिन अमेरिकेच्या शेव्हरोलेचं होतं. जीआर८ ची वाट वेगळीकडे गेली. त्याच्याच धर्तीवर एस२० हे १९८९ सीसीचं, १६० अश्वशक्तीचं इंजिन तयार झालं आणि फेब्रुवारी १९६९ मध्ये ते रस्त्यावर धावणाऱ्या चार दारांच्या स्कायलाइनमध्ये बसलं. तीच पहिली जीटी-आर.