मंत्र्यांचे निवेदन आणि मंत्र्यांचे उत्तर: युद्धकाळात होणारी गल्लत

१५ सप्टेंबर २०२० रोजी संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी पूर्व लडाखमधील परिस्थितीवर लोकसभेत निवेदन केले. ते संपल्यावर आम्हालाही बोलू द्या, अशी विरोधकांची मागणी होती. ती मान्य झाली नाही आणि काँग्रेसने सभात्याग केला. दोनच दिवसांनी त्याच मंत्र्यांनी त्याच विषयावर राज्यसभेत निवेदन केले. तिथे मात्र सदस्यांनी खुलासे मागितले. माजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी गस्तीबद्दल थेट विचारले आणि आपल्या सैनिकांना गस्त घालण्यापासून कोणीही रोखू शकत नाही, असे मंत्र्यांना उभे राहून सांगावे लागले.

बोलताना आपण दोन्ही दिवसांबद्दल 'मंत्र्यांनी संसदेत उत्तर दिले' असेच म्हणतो. पण लोकसभेत त्या दिवशी कोणाला काही विचारताच आले नव्हते, म्हणून उत्तरही नव्हते. झाले ते निवेदन. निवेदन आणि उत्तर या संसदीय कामकाजातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शांततेच्या काळात दोन्ही शेजारी शेजारी चालतात, त्यामुळे गल्लत खपून जाते. युद्धात उत्तरे आटतात आणि निवेदने वाढतात. म्हणून फरक तेव्हाच नीट माहीत असायला हवा.

निवेदनाचा उगम मंत्र्यांकडे असतो. सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावर, लोकसभा अध्यक्षांच्या संमतीने, मंत्री ते करतात. लोकसभेच्या कार्यपद्धतीतील नियम ३७२ यासाठी आहे आणि त्याच नियमात पुढे स्पष्ट लिहिले आहे की निवेदन चालू असताना प्रश्न विचारता येणार नाही. विषय कोणता, किती सांगायचे, कोणत्या दिवशी सांगायचे, कोणता तपशील गाळायचा, हे सगळे मंत्रालय ठरवते. राज्यसभेत निवेदनानंतर खुलासे मागण्याची प्रथा रुजलेली आहे. सप्टेंबर २०२० मध्ये दोन सभागृहांत जे वेगळे घडले त्याचे मूळ या प्रथेत आहे.

याचा अर्थ निवेदन कमी प्रतीचे असा नाही. १६ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी इंदिरा गांधींनी लोकसभेत येऊन ढाका ही आता स्वतंत्र देशाची स्वतंत्र राजधानी असल्याचे सांगितले, ते निवेदनच होते. शरणागतीची बातमी सभागृहाला तातडीने द्यायची तर दुसरा मार्ग नाही. एखाद्या सदस्याच्या प्रश्नाची पाळी येईपर्यंत थांबणे शक्यच नव्हते. वेग हे निवेदनाचे बळ आहे आणि युद्धात त्याला मोल आहे.

उत्तराचा रस्ता लांब आहे. सदस्याने महासचिवांकडे सूचना द्यायची, तीही आजच्या नियमाने किमान १५ पूर्ण दिवस आधी. प्रश्न १५० शब्दांच्या आत हवा. त्यात युक्तिवाद, आरोप, उपहास, काल्पनिक परिस्थिती चालत नाही. मित्रराष्ट्राचा अनादराने उल्लेख चालत नाही. मंत्र्याचे मत विचारता येत नाही. तोंडी उत्तर हवे असेल तर प्रश्नावर तारा करायचा, तो तारांकित. तारा नसलेला अतारांकित, त्याचे उत्तर लेखी. मग सोडत निघते. लोकसभेत एका दिवसाच्या तारांकित यादीत २० प्रश्न आणि अतारांकित यादीत २३० प्रश्न येतात. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० आहेत. लोकसभेच्या छापील याद्यांचे रंगही ठरलेले: तारांकितांची हिरव्या कागदावर, अतारांकितांची पांढऱ्या, अल्पसूचना (म्हणजे कमी मुदतीच्या) प्रश्नांची फिकट गुलाबी.

तारांकित प्रश्नाचा खरा जीव उपप्रश्नांत, म्हणजे उत्तरावर तिथल्या तिथे विचारलेल्या पुढच्या प्रश्नांत आहे. छापील उत्तर अधिकाऱ्यांनी तयार केलेले असते. ते पटलावर (सभागृहाच्या अधिकृत टेबलावर) ठेवले की मूळ प्रश्नकर्ता सहसा दोन उपप्रश्न विचारतो आणि मग अध्यक्ष इतरांना संधी देतात. इथे मंत्र्यांना कागद पुरत नाही. अधिकारी दीर्घेतून चिठ्ठ्या पाठवत असले तरी बोलायचे मंत्र्यांनीच, सगळ्यांदेखत. निवेदनात हा भाग मुळातच नाही, आणि अतारांकित उत्तरातही नाही.

एक वेगळीच गल्लत सरकारी कागदामुळे होते. तारांकित प्रश्नाचे उत्तर उघडले की बहुतेकदा एकच ओळ दिसते: '(अ) ते (ड): विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात आले आहे.' इंग्रजी कामकाजात या विवरणाला आणि नियम ३७२ खालच्या निवेदनाला 'स्टेटमेंट' हा एकच शब्द वापरतात. त्यामुळे भाषांतर करताना पुष्कळांचा गोंधळ उडतो आणि 'मंत्र्यांनी निवेदन केले' असे छापून येते. हे विवरण म्हणजे उत्तराची पुरवणी आहे. त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ओळखायची खूण सोपी आहे: कागदाच्या माथ्यावर ताऱ्यासह प्रश्नक्रमांक आणि सदस्याचे नाव असेल तर ते उत्तर, नुसता विषय आणि मंत्र्याचे नाव असेल तर ते निवेदन.

युद्ध सुरू झाले की उत्तराचा रस्ता तीन ठिकाणी तुटतो.

पहिले कारण निव्वळ दिवसांचे. १९७१ चे युद्ध ३ डिसेंबरला सुरू झाले आणि १६ ला संपले, म्हणजे १३ दिवस. आजची १५ दिवसांची मुदत त्याला लावून पाहा: पहिल्या तोफेनंतर दिलेला साधा प्रश्न युद्ध संपेपर्यंत यादीत येणारच नाही. त्यात संरक्षण मंत्रालयाची पाळी आठवड्यातून एकाच ठरलेल्या दिवशी असते. त्या दिवशी गोंधळाने तहकुबी झाली की अख्खा आठवडा गेला, आणि तारांकित प्रश्नांची उत्तरे नुसती लेखी म्हणून पटलावर जातात. म्हणजे तारा असूनही प्रश्न अतारांकित झाल्यासारखाच. शांततेतही यादीतले सगळे प्रश्न पुकारले जाणे दुर्मीळ आहे. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत वीसच्या वीस तारांकित प्रश्न तोंडी झाले, तेव्हा १९७२ नंतर प्रथमच असे घडले होते. घाईच्या विषयासाठी अल्पसूचना प्रश्नाची सोय आहे. पूर्ण मुदतीआधी तोंडी उत्तर मिळू शकते, पण मंत्र्यांनी कमी मुदतीत उत्तर द्यायला संमती दिली तरच. ज्याला विचारायचे त्याच्याच होकारावर अवलंबून असलेले हे हत्यार ऐन युद्धात फारसे चालत नाही.

दुसरे कारण म्हणजे प्रश्नोत्तराचा तासच रद्द होणे. चिनी आक्रमणाच्या वेळी हिवाळी अधिवेशन अलीकडे ओढून ८ नोव्हेंबर १९६२ ला सुरू केले गेले. सभागृह दुपारी १२ वाजता भरत असे आणि सत्ताधारी व विरोधक यांच्यातील समझोत्याने प्रश्नोत्तराचा तास घेतला गेला नाही. चर्चा मात्र भरपूर झाली. लोकसभेत १६५ सदस्य बोलले. या उदाहरणाकडे बोट दाखवून 'संसद चालली होती ना?' असे विचारले जाते. चालली होती, आणि तिने चांगले कामही केले. पण चर्चेच्या शेवटी मंत्री शेकडो मुद्द्यांपैकी हवे तेवढे उचलून उत्तर देतात. प्रश्नाला मात्र अ, आ, इ अशी नेमकी कलमे असतात आणि एखादे सुटले तर ते कागदावर उघडे दिसते. माझ्या मते १९६२ ची तडजोड त्या आठवड्यांपुरती समजण्यासारखी होती. पायंडा म्हणून ती वापरणे चूक आहे.

तिसरे कारण, सभागृहच नसणे. एप्रिल १९९९ मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि मे ते जुलैमध्ये कारगिल झाले. राज्यसभा अस्तित्वात होती; तिचे खास अधिवेशन बोलवा अशी विरोधकांची मागणी होती, पण ते बोलावले गेले नाही. लढाई चालू असताना संसदेत निवेदनही नाही आणि उत्तरही नाही, अशी ती वेळ होती.

आता प्रश्न कसा लिहायचा, कारण युद्धकाळात निम्मे काम इथेच बिघडते. 'अमुक क्षेत्रात किती तुकड्या आहेत?' या प्रश्नाला माहिती उघड करणे राष्ट्रहिताचे नाही, हे उत्तर ठरलेले आहे, आणि ते योग्यही आहे. हा प्रश्न म्हणजे वाया घालवलेली सूचना. मंत्रिमंडळातील चर्चा किंवा राष्ट्रपतींना दिलेला सल्ला विचारला तर सूचना दाखलच होत नाही. याउलट हा मसुदा पाहा:

(अ) सीमेलगतच्या जिल्ह्यांतून किती कुटुंबांना हलवण्यात आले. (आ) त्यांच्यासाठी केंद्राने राज्याला किती रक्कम मंजूर केली व त्यांपैकी किती वितरित झाली. (इ) घर व पीक नुकसानीच्या भरपाईचे दर काय आहेत व ते शेवटचे कधी सुधारले. (ई) प्रलंबित अर्ज किती?

यातला एकही तपशील शत्रूच्या कामाचा नाही आणि प्रत्येकाचे उत्तर आकड्यात द्यावे लागते. दोन गोष्टी सांभाळायच्या. मदत-पुनर्वसन हे मुख्यतः राज्याचे काम, म्हणून प्रश्न केंद्राच्या वाट्यापुरता बांधायचा आणि तो संरक्षण मंत्रालयाला न देता गृह मंत्रालयाला द्यायचा, नाहीतर तो एका मंत्रालयाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. दुसरे, जिल्हावार तक्ते मागितले की प्रश्न लेखी उत्तराला अधिक योग्य ठरवून अतारांकित यादीत टाकला जातो आणि उपप्रश्नाची संधी जाते. तारा टिकवायचा असेल तर एकूण आकडा मागावा. जिल्ह्यांचा तपशील उपप्रश्नासाठी हातात ठेवावा.

शब्दाची निवड किती भोवते, याचे उदाहरण २०२० च्याच त्या अधिवेशनात आहे. तेव्हा महासाथीमुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता, फक्त अतारांकित प्रश्नांची लेखी उत्तरे मिळत होती. १६ सप्टेंबरला गृहराज्यमंत्री नित्यानंद राय यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले की गेल्या सहा महिन्यांत भारत-चीन सीमेवर घुसखोरीची नोंद नाही. गलवानमध्ये २० जवान हुतात्मा झाल्यावर तीन महिन्यांनी हे वाचून लोक चक्रावले. घुसखोरी हा शब्द दहशतवाद्यांच्या संदर्भात वापरला जातो, असा खुलासा नंतर सरकारी गोटातून आला. प्रश्नात घुसखोरी होती, उत्तरात तेवढीच आली. तोंडी उत्तर असते तर पहिलाच उपप्रश्न आला असता, 'मग चिनी सैन्याच्या अतिक्रमणाचे काय?' लेखी उत्तराला हे विचारायला समोर कोणी नसते.

निवेदन आणि उत्तर यांच्या मधली एक वाट लक्षवेधी सूचनेची आहे. नियम १९७ खाली सदस्य मंत्र्यांचे लक्ष वेधतो, मंत्री छोटे निवेदन करतात आणि यादीत नावे असलेले सदस्य, जास्तीत जास्त पाच, प्रत्येकी एक प्रश्न विचारू शकतात. १५ दिवस थांबावे लागत नाही. युद्धाच्या दिवसांत खासदाराने पहिला प्रयत्न इथे करावा.

सभागृहात दिलेला शब्द पुढे कोण तपासतो? 'माहिती गोळा करण्यात येत असून पटलावर ठेवण्यात येईल' हे वाक्य आश्वासन धरले जाते आणि आश्वासन समिती तीन महिन्यांत ते पूर्ण झाले का, हे पाहते. सुरक्षेचे कारण देऊन आश्वासन वगळण्याची विनंती मंत्रालय करू शकते, पण ती समितीपुढे मांडावी लागते. उत्तरात चूक निघाली तर मंत्र्यांनी दुरुस्तीचे विवरण सभागृहात द्यायचे असते. निवेदनातली चूक सदस्याला दाखवायची असेल तर अध्यक्षांच्या निर्देश ११५ प्रमाणे आधी अध्यक्षांना लिहायचे, मुद्दा आणि पुरावा जोडायचा, आणि परवानगी मिळाली तरच सभागृहात उल्लेख करायचा.

१९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी तिच्या निष्कर्षांवर लोकसभेत निवेदन केले. अहवाल पटलावर ठेवला नाही. निवेदनाच्या दृष्टीने विषय तिथे संपला. सदस्य मात्र प्रश्न विचारत राहिले, आणि प्रत्येक सरकारला नव्याने कारण नोंदवावे लागले. २०१० मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले की अहवालातील मजकूर अतिशय संवेदनशील असून लष्करी कारवायांच्या दृष्टीने आजही महत्त्वाचा आहे. जुलै २०१४ मध्ये, सरकार बदलल्यावर, नवे संरक्षणमंत्री अरुण जेटली यांनी राज्यसभेत लेखी उत्तर दिले: अहवाल प्रसिद्ध करणे राष्ट्रहिताचे ठरणार नाही.