एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकिंग

संगणकाचा प्रोसेसर उत्पादकाने ठरवून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालवणे म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. पंखा किंवा पाण्याच्या कूलरवर न थांबता प्रोसेसर शून्याच्या बराच खाली, बहुधा द्रव नायट्रोजनने, थंड करून काही सेकंद वा मिनिटांपुरते हे केले की त्यास एक्स्ट्रीम ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. उद्देश उच्चांकाचा किंवा स्पर्धेचा असतो. प्रसिद्धी गिगाहर्ट्झच्या आकड्याला मिळते. प्रत्यक्षात अनेक कोर (स्वतंत्रपणे गणन करणारे भाग) असलेल्या महागड्या प्रोसेसरांची मर्यादा वीज किती पुरवता येते आणि तिची उष्णता किती काढता येते यावरच ठरते, म्हणून या नोंदीत त्या अंगाला अधिक जागा दिली आहे.

उगम : या प्रकाराचा आरंभ कोठे मानावा यावर एकमत नाही. एक परंपरा तो हौशी वापरकर्त्यांकडे नेते. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएम पीसी-एटीमधील ८०२८६ प्रोसेसर ६ मेगाहर्ट्झवर चाले. त्याला ठेका देणारा १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक सॉकेटमध्ये बसवलेला असल्याने तो उपटून १६ मेगाहर्ट्झचा बसवला की यंत्र ८ मेगाहर्ट्झवर धावू लागे. ही युक्ती इतकी पसरली की आयबीएमने पुढच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ आज्ञावलीत) वेग तपासून यंत्र अडवण्याची सोय केली. १९९८ चा सेलेरॉन ३००ए हा याच परंपरेतला सर्वांत गाजलेला प्रोसेसर. प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या वाहिनीच्या, म्हणजे बसच्या, वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो तो गुणक ४.५ वर पक्का होता, पण बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चे ४५० मेगाहर्ट्झ होत, आणि बरेच नमुने हे साध्या पंख्यावर सहन करीत.

दुसरी परंपरा महासंगणकांची आहे. अतिशीत तापमानात ट्रान्झिस्टर अधिक चपळ होतात हे आयबीएममधील संशोधकांनी १९७७ च्या सुमारास मांडले होते. ईटीए सिस्टिम्सच्या ईटीए-१० या महासंगणकात ते व्यवहारात उतरले. १९८७ च्या आरंभी पहिले यंत्र फ्लोरिडा राज्य विद्यापीठाकडे गेले. त्याच्या वरच्या श्रेणीतील यंत्रांत प्रोसेसरचे फलक द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेले असत. तेथे घड्याळाचे आवर्तन ७ नॅनोसेकंदांपर्यंत खाली आले, तर हवेवर थंड होणाऱ्या स्वस्त प्रकारात ते २४ नॅनोसेकंद होते. एप्रिल १९८९ मध्ये कंपनी बंद पडली. ईटीए-१० हे या छंदाचे पूर्वज म्हणावे का, हा प्रश्न उरतो. तंत्राच्या दृष्टीने म्हणावे लागेल. परंतु त्यात ठरवून दिलेली मर्यादा ओलांडण्याचा भाग नव्हता, थंडी ही मूळ रचनेचाच घटक होती. त्यामुळे या दोन धारा स्वतंत्रपणे वाढल्या आणि नंतर एकत्र आल्या, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्यामधला दुवा म्हणून १९९० च्या दशकाअखेरच्या क्रायोटेक कंपनीकडे पाहता येते. तिने शीतकपाटासारख्या कॉम्प्रेसरने प्रोसेसर सुमारे –४० अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवणारे तयार संगणक विकले. द्रव नायट्रोजन हौशी मंडळींच्या टेबलावर नेमके केव्हा आले ते निश्चित सांगणे अवघड आहे. २००३ च्या अखेरीस टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने पेन्टियम ४ ला त्याच्या साहाय्याने ५ गिगाहर्ट्झच्या पुढे नेले, तेव्हा ते सर्वतोमुखी झाले.

तत्त्व : सीमॉस (आजच्या प्रोसेसरांत वापरली जाणारी ट्रान्झिस्टर-रचना) मंडलातील चल, म्हणजे उघडझापीसाठी लागणारा, वीजवापर धारिता, व्होल्टेजचा वर्ग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. वारंवारता वाढवायची तर ट्रान्झिस्टर लवकर उघडझाप करायला हवेत, त्यासाठी व्होल्टेज चढवावे लागते, आणि त्याचा वर्ग होत असल्याने खर्च झपाट्याने वाढतो. ५ गिगाहर्ट्झ व १.२ व्होल्टवर चालणारा प्रोसेसर ८ गिगाहर्ट्झ व १.८ व्होल्टवर नेल्यास वेग १.६ पट होतो, पण वीज ३.६ पट लागते. शिवाय ट्रान्झिस्टर बंद असतानाही झिरपणारा गळती प्रवाह असतो. तो तापमानाबरोबर भराभर वाढतो आणि स्वतःच उष्णता निर्माण करतो. थंडीचा मोठा उपकार येथे होतो. गळती जवळजवळ थांबते, वाहकांची (विद्युतभार वाहून नेणाऱ्या कणांची) गतिशीलता वाढते आणि तांब्याच्या सूक्ष्म तारांचा रोध उतरतो. म्हणून साध्या कूलरवर घातक ठरणारे व्होल्टेज द्रव नायट्रोजनखाली थोडा वेळ निभावते.

वीजपुरवठा : प्रोसेसरला वीज एक ते दीड व्होल्टच्या आसपास लागते, त्यामुळे वॉटचा आकडा मध्यम दिसला तरी प्रवाह प्रचंड असतो. १.३ व्होल्टवर ५०० वॉट म्हणजे ३८५ अँपिअर. पॉवर सप्लायकडून हीच वीज १२ व्होल्टवर सुमारे ४२ अँपिअरने येते आणि मदरबोर्डवरील व्होल्टेज नियामक तिचे रूपांतर करतो. हा भार अनेक टप्प्यांत, म्हणजे समांतर चालणाऱ्या मंडलांत, वाटला जातो.

या बाबतीत इंटेलचे २८ कोरचे प्रकरण बोलके आहे. जून २०१८ मध्ये तैपेई येथील कॉम्प्युटेक्स या संगणक-प्रदर्शनात कंपनीने असा प्रोसेसर सर्व कोरसह ५ गिगाहर्ट्झवर चालवून दाखवला. टेबलाखाली पाणी गार करणारे एक अश्वशक्तीचे औद्योगिक चिलर होते, पण मंचावरून त्याचा उल्लेख झाला नाही. ते उघड झाल्यावर कंपनीला खुलासा करावा लागला. प्रात्यक्षिक म्हणून ते खरे होते, पण ग्राहकाच्या घरी काय मिळेल याबद्दल दिशाभूल करणारे होते. हाच प्रोसेसर पुढे झिऑन डब्ल्यू-३१७५एक्स या नावाने २५५ वॉटच्या टीडीपीसह (उत्पादकाने कूलरसाठी ठरवलेल्या उष्णतेच्या आकड्यासह) बाजारात आला. त्याच्यासाठी आसुसने काढलेल्या डॉमिनस एक्स्ट्रीम या मदरबोर्डवर ३२ टप्प्यांचा नियामक, २४ पिनांची दोन आणि ८ पिनांची चार जोडणी-ठिकाणे होती.

२०२३ मध्ये ५६ कोरचा झिऑन डब्ल्यू९-३४९५एक्स द्रव नायट्रोजनखाली सर्व कोरसह सुमारे ५.५ गिगाहर्ट्झवर नेण्यात आला. त्याचा टीडीपी ३५० वॉट असताना त्याने जवळपास १,९०० वॉट खेचले, आणि त्यासाठी १,६०० वॉटचे दोन पॉवर सप्लाय जोडावे लागले. नियामक आणि पॉवर सप्लाय यांतील घट प्रत्येकी आठ-दहा टक्के धरली, तर भिंतीवरच्या सॉकेटमधून यासाठी सव्वादोन किलोवॉटहून अधिक वीज घ्यावी लागते.

शीतक : प्रोसेसरवर तांब्याचे जाड तळाचे भांडे घट्ट बसवतात आणि थर्मास फ्लास्कने त्यात द्रव नायट्रोजन ओततात. त्याचा उत्कलनबिंदू –१९६ अंश आहे. एक लिटर द्रव उकळताना सुमारे १६० किलोज्यूल सुप्त उष्णता शोषतो. दोन किलोचे भांडे खोलीच्या तापमानावरून खाली आणण्यातच लिटरभर नायट्रोजन जाते. त्यानंतर १,९०० वॉटचा भार सतत ठेवला तर दर दीड मिनिटाला एक लिटर, म्हणजे तासाला ४० लिटरहून अधिक, ओतावे लागेल. चाचण्या बहुधा मिनिटभरात आटपतात म्हणूनच हे आवाक्यात राहते.

ओतणाऱ्याचा हात येथे फार महत्त्वाचा. भार सुरू होताच तापमान चढते, त्याच क्षणी ओतले पाहिजे, आणि भार संपल्यावर ओतत राहिले तर प्रोसेसर नको तितका गोठतो. भांड्यात खुपसलेल्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या तारेवर) एक डोळा ठेवून, प्रसंगी गॅसच्या ज्योतीने भांडे तापवून, हा तोल सांभाळतात. बाहेर दव धरू नये म्हणून सॉकेटभोवती व्हॅसलिन फासतात, फोम व कागदी रुमाल दाबून बसवतात.

द्रव हीलियम –२६९ अंशांपर्यंत नेतो, मात्र त्याची सुप्त उष्णता लिटरमागे अडीच किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे नायट्रोजनच्या साठाव्या हिश्श्याइतकी आहे. निम्म्याहून अधिक काम त्याचा थंड वायूच तापताना करतो. महाग असल्याने तो केवळ वारंवारतेच्या उच्चांकांसाठी राखतात.

काही प्रोसेसर ठरावीक तापमानाखाली थांबतात किंवा सुरूच होत नाहीत. याला ‘कोल्ड बग’ म्हणतात. सिलिकॉनमधील वाहक गोठतात असे त्याचे कारण काही ठिकाणी दिले जाते. परंतु आधुनिक ट्रान्झिस्टरांत वाहक पुरवण्यासाठी मुद्दाम मिसळलेल्या अपद्रव्यांचे प्रमाण इतके जास्त असते की –१९६ अंशांना हे स्पष्टीकरण अपुरे पडते. एएमडीचे एफएक्स प्रोसेसर तर हीलियमच्या थंडीतही चालले. घड्याळनिर्मिती आणि स्मृती नियंत्रण यांची मंडले आधी डगमगतात, हा खुलासा अधिक पटतो.

उच्चांक : एएमडी एफएक्स-८१५० ने ऑगस्ट २०११ मध्ये ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले, तेव्हा त्याचे दोनच कोर चालू होते. पुढे एफएक्स-८३५० ने ८.७९ ची मजल मारली आणि ती दशकभर टिकली. २०२२ च्या अखेरीस कोअर आय९-१३९००के ने ९ गिगाहर्ट्झची सीमा ओलांडली, २०२४ मध्ये आय९-१४९००केएस ९.११७ पर्यंत गेला. हे आकडे क्षणभरासाठी नोंदवलेले असतात. सर्व कोर पूर्ण भाराखाली ठेवून केलेल्या चाचण्यांशी त्यांची तुलना करणे योग्य नाही. एचडब्ल्यूबॉट हे संकेतस्थळ दोन्ही प्रकारच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवते.

घरगुती वीज व सुरक्षितता : भारतात २३० व्होल्टवर ६ अँपिअरचे सॉकेट १,३८० वॉट देते, म्हणून वर सांगितलेल्या भारासाठी गिझरचे १६ अँपिअरचे सॉकेटच लागेल, आणि तेही स्वतंत्र वायरिंगचे. अमेरिकेतील १२० व्होल्ट व १५ अँपिअरची नेहमीची जोडणी १,८०० वॉटवरच संपते.

महाराष्ट्रात द्रव नायट्रोजन सर्वाधिक परिचयाचे आहे ते पशुसंवर्धनात, गोठवलेल्या रेतमात्रा साठवण्यासाठी. तेथे ते निर्वात भिंतींच्या टाकीत दिवसच्या दिवस हळूहळू उडते, तर तापलेल्या प्रोसेसरवर ते भराभर वायुरूप होते. एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. तासाला ४० लिटर या वेगाने दहा फूट लांब, रुंद व उंच खोलीच्या घनफळाएवढा वायू तासाभरात तयार होईल. हा वायू गंधहीन असल्याने प्राणवायू घटल्याची जाणीव आधी होत नाही. म्हणून बंद वा वातानुकूलित खोलीत हा प्रयोग करू नये. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात, शक्यतो प्राणवायूमापक लावावा आणि एकट्याने काम करू नये.