किनरा आवाज बाईचा नव्हे, कर्ण्याचा

शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवरची एक लावणी कुणीतरी ग्रुपवर पाठवली आणि लगेच विचारणा झाली, "त्या काळच्या बायका इतक्या किनऱ्या आवाजात का गायच्या?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की सविस्तर उत्तर लिहायलाच हवं.

१९२५ पर्यंत ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हता. गाणारीनं मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून दमसास लावून गायचं. त्या जोरावर कर्ण्याच्या टोकाचा पातळ पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या चकतीत नागमोडी चर कोरायची. या यंत्राला साधारण २५० ते २५०० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला तितकी) एवढीच कंपनं नीट पेलायची. खालचा खर्ज आणि वरची चमक तिथेच गळायची.

मग सूर कसा टिकतो? मला यातलं सर्वांत आवडतं ते हेच. गाणारीचा सा २२० हर्ट्झचा धरा. गळ्यातून तो एकटा निघत नाही, ४४०, ६६०, ८८० असे उपस्वर बरोबर घेऊन येतो. कर्ण्यानं २२० गिळला तरी उरलेल्यांमधलं अंतर २२०च राहतं आणि त्यांच्या बेरजेची लाट सेकंदाला बरोबर २२० वेळा तीच नक्षी पुन्हा काढते. मेंदू ही आवर्तनं ओळखतो आणि तबकडीवर नसलेला सा आपल्याला ऐकवतो! जुन्या फोनवर ३०० हर्ट्झखालचं फारसं येत नसे, पुरुषाच्या आवाजाचा पाया त्याहून बराच खाली, तरी फोनवर बाबा बाबाच वाटायचे.

सूर असा परत मिळतो, पण आवाजाची गोलाई मिळत नाही. ती त्या गळालेल्या भागात असते. किनरेपणा येतो तो इथून.

ढोलकीचं नुकसान जास्त. शाईच्या (मधोमध काळा लेप असलेल्या) पुडीची 'तिं' छान उमटते. मृदंग-तबल्यात शाईमुळे उपस्वर पूर्णांकी प्रमाणात बसतात, हे भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच दाखवलं होतं. धुमेचा, म्हणजे दुसऱ्या, खर्जाच्या तोंडाचा घुमारा मात्र जवळजवळ सगळा खालच्या कंपनांत. त्याच्या मदतीला वरचे उपस्वर थोडेच, तेही पटकन विरतात. म्हणून तबकडीवर नुसती 'थप' उरते.

जुन्या तबकड्या '४३२ हर्ट्झच्या', म्हणून त्या मन शांत करतात, असंही पसरवलं जातं. याला काडीचा आधार नाही. आजचा प्रमाण सूर ४४० हर्ट्झचा; तो आणि ४३२ यांमधला फरक दोन टक्क्यांहून कमी. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ७६.६ फेऱ्यांवर आली की तेवढा सूर उतरतो, आणि चावीच्या ग्रामोफोनची स्प्रिंग सैल पडली की एवढं सहज व्हायचं.

मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका, तोही खर्ज गिळतो. हेडफोन लावा. खरखरीमागे झील (मागच्या साथीदारांनी ओढलेला सूर) जरा लांबून येताना ऐकू येईल. कर्णा एकच, त्यामुळे कोण त्याच्यापासून किती हात दूर उभा, हेच तेव्हाचं मिक्सिंग. आणि तुणतुण्याकडे कान द्या. त्याच्या तारेचा टणत्कार नेमका त्या मधल्या पट्ट्यात पडतो, त्यामुळे इतकं गळूनही तो आजच वाजल्यासारखा खणखणीत येतो.