नोबेल मिळालं म्हणजे सगळंच कळतं?

'एवढा मोठा शास्त्रज्ञ सांगतोय, म्हणजे खरंच असणार.' वाद मिटवायला हे वाक्य सर्रास वापरलं जातं. पण पदवी असो की पुरस्कार, तो एका विषयातल्या कामाचा असतो. दुसऱ्या विषयात तो पुरावा ठरत नाही.

लायनस पॉलिंग यांचंच पाहा. १९५४ साली रसायनशास्त्राचं नोबेल, पुढे शांततेचंही. रासायनिक बंधांवरचं त्यांचं काम आजही पायाभूत आहे. मात्र क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने कर्करोगाचे रुग्ण जास्त जगतात, असं ते सांगू लागले, तेव्हा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने ते तपासून पाहिलं. काही रुग्णांना रोज १० ग्रॅम जीवनसत्त्व, बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १९७९ आणि १९८५ साली निकाल छापून आले: फायदा दिसला नाही. तरी पॉलिंग यांच्या नावावर हा दावा अजून फिरतो. आजारी माणसाच्या आशेशी हा खेळ आहे, म्हणून मला तो फार खटकतो.

पदवी कुचकामी आहे, असं मुळीच नाही. आपल्या विषयात ती वर्षानुवर्षांच्या अभ्यासाची खूण असते. पण ती नसली म्हणून कुणाला गप्प बसवणंही चूकच. मायकेल व्हेंट्रिस पेशाने वास्तुविशारद. १९५२ साली त्यांनी लिनिअर बी ही प्राचीन लिपी उलगडली. अनेक अभ्यासक साशंक होते. मग ग्रीसमधल्या पायलॉसची एक मातीची पाटी पुढे आली. व्हेंट्रिस यांच्या पद्धतीने ती वाचली, तर तिवईच्या चित्राशेजारी 'ति-रि-पो', म्हणजे ग्रीकमध्ये तिवईच, आणि चार कानांच्या भांड्याशेजारी 'चार कानांचं' असाच शब्द निघाला.